पीएफची जन्मकथा (प्रॉव्हिडंट फंड नव्हे!)

परवा माळा आवरताना जुना पेंटियम सापडला. मॉनिटर नाही, कीबोर्ड नाही, मागे दोन नेटवर्क कार्डं. आम्ही चौघे रूमवर राहायचो तेव्हा एकच इंटरनेट कनेक्शन चौघांना पुरवायचं काम हा डबा करायचा. एका कार्डात मोडेमची वायर, दुसऱ्यात हबची. आत ओपनबीएसडी.

राऊटर म्हणजे काही जादूचं यंत्र नव्हे. एका कार्डावर आलेलं पॅकेट बघायचं, नियमात बसलं तर दुसऱ्या कार्डावरून सोडायचं. हे कुठलाही साधा कॉम्प्युटर करू शकतो. नियम बघायला एक पॅकेट फिल्टर लागतं, इतकंच. आणि खरी गोष्ट आहे ती या फिल्टरचीच.

मे 2001 पर्यंत ओपनबीएसडीत डॅरेन रीडचं आयपीफिल्टर होतं. त्याच्या लायसन्सनुसार ते वापरायला, वाटायला परवानगी होती. बदल करण्याबद्दल मात्र त्यात शब्द नव्हता. चालतं, असं सगळे धरून चालले होते. मग रीडने स्पष्ट केलं की आधी विचारल्याशिवाय बदललेली आवृत्ती चालणार नाही. कोड त्याचा, हक्कही त्याचाच. पण दुरुस्त करायलाही परवानगी काढावी लागेल असा कोड थिओ दे रॅट आणि मंडळींना नको होता. मे संपायच्या आत आयपीफिल्टर बाहेर! सुरक्षिततेसाठी नावाजलेली सिस्टिम, आणि तिच्यात फिल्टरच नाही.

ती जागा भरली स्वित्झर्लंडच्या डॅनियल हार्टमायरने. जूनमध्येच त्याचा नव्याने लिहिलेला कोड आत आला, आणि 1 डिसेंबर 2001 ला ओपनबीएसडी 3.0 पीएफसकट बाहेर पडली. नियमांची भाषा बरीचशी जुन्यासारखीच राहिली: वरून खाली वाचत जायचं, शेवटचा जुळणारा नियम खरा. त्यामुळे लोकांना बदल जड गेला नाही.

पुढे 2004 मध्ये पीएफ फ्रीबीएसडी 5.3 मध्ये गेलं. त्याच वर्षी मोनोवॉलपासून वेगळ्या निघालेल्या राऊटर-प्रकल्पाने तर नावच पीएफसेन्स घेतलं. 2011 च्या लायनपासून ॲपलच्या मॅकमध्येही ते आहे. कुणाला विचारावं लागलं नाही, कारण या वेळी बदलाची परवानगी लायसन्समध्येच लिहिलेली होती.

असो. डबा आता भंगारात जाईल. पण त्याने एक सवय लावली: लायसन्स वाचताना काय लिहिलंय याच्याइतकंच काय लिहायचं राहिलंय, तेही बघतो.