महिंद्राच्या गाडीवरून पुढे गेलेले रायडर

जागतिक ग्रां प्री मोटरसायकल शर्यतीत मुंबईच्या महिंद्रा समूहाच्या गाड्या 2011 ते 2017 असे सात हंगाम धावल्या. स्पर्धा 1949 पासूनची. तिच्यात स्वतःच्या नावाची गाडी घेऊन उतरलेला हा पहिला भारतीय उत्पादक. सात वर्षांत महिंद्राने बांधलेल्या गाड्यांनी तीन शर्यती जिंकल्या, त्यांतील एक प्यूजोच्या नावाने. विश्वविजेतेपद एकही मिळाले नाही. मात्र ज्या पोरसवदा रायडरांनी त्या गाड्या चालवल्या, त्यांतले सहा जण पुढे कोणत्या ना कोणत्या गटात विश्वविजेते झाले: फ्रान्चेस्को बान्याया, होर्खे मार्टिन, ब्रॅड बाइंडर, रेमी गार्डनर, लोरेंझो दाल्ला पोर्ता आणि आल्बेर्त आरेनास. सहाही जणांनी तो मान दुसऱ्याच कंपनीच्या गाडीवर मिळवला. त्यामुळे महिंद्राच्या या सात वर्षांचा इतिहास निकालांच्या तक्त्यापेक्षा रायडरांच्या येण्याजाण्यातून अधिक नीट कळतो.

समूहाचा दुचाकीशी संबंध तसा उशिराचा. बीड जिल्ह्यात, गेवराई तालुक्यातल्या उमापूरसारख्या गावात महिंद्रा हे नाव ओळखीचे आहे ते ट्रॅक्टर आणि जीपमुळे. दुचाकीच्या धंद्यात समूह आला 2008 मध्ये, फिरोदिया कुटुंबाच्या कायनेटिक मोटर कंपनीचा व्यवसाय विकत घेऊन. कायनेटिकचे मूळ अहमदनगरचे. 1972 मध्ये तिथूनच लूना निघाली आणि मराठवाड्यातल्या मास्तर, तलाठी, दूधवाले अशा असंख्यांची ती पहिली गाडी ठरली. 2008 मध्येच महिंद्राने इटलीतली एन्जिन्स इंजिनिअरिंग ही आरेखन करणारी संस्थाही घेतली. शर्यतीची वाट या इटालियन दुव्यातून उघडली. स्कूटर आणि लहान मोटरसायकली विकू पाहणाऱ्या नव्या कंपनीला नाव हवे होते, आणि सर्वांत लहान गटातली ग्रां प्री हा ते मिळवण्याचा त्यातल्या त्यात कमी खर्चाचा मार्ग होता.

या शर्यतींचे तीन गट असतात. तेव्हा सर्वांत खाली 125 सीसी, मध्ये मोटो टू आणि वर मोटो जीपी अशी उतरंड होती. 2012 पासून 125 सीसीची दोन-स्ट्रोक इंजिने जाऊन त्या जागी 250 सीसीची एक सिलिंडरची चार-स्ट्रोक इंजिने आली आणि गटाचे नाव मोटो थ्री झाले. खर्च आवाक्यात राहावा म्हणून सिलिंडरचा व्यास 81 मिलिमीटरच्या वर नको आणि फेरे मिनिटाला 14,000 च्या वर नकोत, असे बंधन सुरुवातीलाच घातले गेले. खालच्या गटातल्या मुलाची नजर कायम वरच्या गटावर असते. वयाची कमाल मर्यादाही असल्याने तिथे फार काळ थांबताही येत नाही.

रायडरचा करार बहुधा एका किंवा दोन हंगामांचा असतो आणि तो 31 डिसेंबरला संपतो. उमापूर भागात सालगड्याचे साल पाडव्याला संपते आणि नवे ठरते. रायडरचेही साल असते, फक्त त्याचा पाडवा डिसेंबरअखेर येतो. पुढच्या वर्षाची बोलणी मात्र उन्हाळ्यातच सुरू होतात आणि हंगाम संपण्याआधी बहुतेक जागा भरलेल्या असतात. वरच्या गटात कंपनी रायडरला पैसे मोजते. खालच्या गटात पुष्कळदा उलटे असते: मुलाला स्वतःचे प्रायोजक घेऊन यावे लागते, तेव्हा कुठे गाडी मिळते. पगार देणारा कारखान्याचा संघ म्हणूनच तिथे मोलाचा ठरतो. महिंद्राकडे चांगली मुले आली याचे एक कारण हेच होते.

संघबदलाने खेळाची दिशा पालटल्याची उदाहरणे जुनी आहेत. पूर्व जर्मनीच्या एमझेड कंपनीचा अभियंता वाल्टर काडेन याने दोन-स्ट्रोक इंजिनातून तोवर कुणालाही न जमलेली शक्ती काढली होती. त्याचा रायडर एर्न्स्ट डेग्नर 1961 च्या सप्टेंबरात स्वीडनमधल्या शर्यतीनंतर पश्चिमेत पळून गेला. बर्लिनची भिंत उभी राहून जेमतेम महिना झाला होता. डेग्नर जपानला सुझुकीकडे गेला आणि इंजिनाचे ज्ञानही त्याच्याबरोबर गेले. 1962 मध्ये 50 सीसी गटाचे विश्वविजेतेपद त्याने सुझुकीवर जिंकले. सुझुकीचे ते पहिलेच. रायडर जातो तेव्हा त्याच्या डोक्यातली गाडीही जाते, हे यापेक्षा ठळकपणे पुन्हा कधी दिसले नाही. दुसरे मोठे उदाहरण व्हॅलेंटिनो रॉसीचे. 2003 चा विजेता असताना त्याने होंडा सोडली आणि यामाहा धरली. यामाहाला वरच्या गटाचे विजेतेपद 1992 नंतर मिळाले नव्हते. रॉसीने आपला मुख्य मेकॅनिक जेरेमी बर्जेस याला सोबत नेले, पहिलीच शर्यत जिंकली आणि 2004 चे विजेतेपदही. होंडाने मात्र करार संपेपर्यंत त्याला यामाहाला हात लावू दिला नव्हता.

महिंद्राची सुरुवात 2011 मध्ये ब्रिटनचा डॅनी वेब आणि जर्मनीचा मार्सेल श्रॉटर यांच्यावर झाली. गाडी एन्जिन्स इंजिनिअरिंगच्या हातची होती आणि वर्ष 125 सीसी गटाचे शेवटचे. नोव्हेंबरात व्हॅलेन्सियाला त्या गटाची अखेरची शर्यत झाली, तेव्हा सर्वांत पुढची जागा वेबने मिळवली. ग्रां प्रीच्या रांगेत भारतीय नावाची गाडी पहिली उभी राहिली ती अशी. त्याच हंगामात चेन्नईचा सरथ कुमारही या गटात उतरला होता, पण दुसऱ्या संघातून आणि अॅप्रिलिया गाडीवर. सातही वर्षांत महिंद्राच्या कारखाना संघाचे नियमित रायडर युरोपातले होते, एक तेवढा ऑस्ट्रेलियाचा. गाडी भारतीय, स्वार परका, ही उणीव शेवटपर्यंत भरून निघाली नाही. त्यामागे अनास्था नव्हती. स्पेन आणि इटलीत मुले सहा-सात वर्षांची असताना छोट्या गाड्यांवर शर्यती खेळू लागतात आणि पंधराव्या-सोळाव्या वर्षी जागतिक पातळीवर उभी राहतात. भारतात तशी शिडीच नव्हती. महाराष्ट्रात तर ग्रां प्रीच्या दर्जाची धावपट्टीही नव्हती.

2012 चे वर्ष कठीण गेले. मोटो थ्रीसाठी नवे चार-स्ट्रोक इंजिन इटलीच्या ओरल इंजिनिअरिंगकडून करून घेतले होते; ते ना पुरेसे वेगवान होते, ना भरवशाचे. श्रॉटर हंगाम अर्ध्यावर टाकून निघून गेला आणि त्याच्या जागी रिकार्डो मोरेत्ती आला. येत्या-जात्या रायडरांमधला श्रॉटर हा एकच असा, जो गाडीला कंटाळून गेला. नंतरचे बहुतेक गेले ते तिच्यावर चमकल्यामुळे.

2013 मध्ये कंपनीने स्वित्झर्लंडच्या सूटर या शर्यतीच्या गाड्या बांधणाऱ्या कंपनीशी भागीदारी केली आणि दोन्ही रायडर नवे घेतले: पोर्तुगालचा मिगेल ऑलिव्हेरा आणि स्पेनचा एफ्रेन वास्केस. ऑलिव्हेराने त्या वर्षी मलेशियात तिसरा क्रमांक मिळवला. महिंद्राचा हा पहिला पोडियम. वास्केस वर्षभरात होंडावर गेला आणि 2014 मध्ये दोन शर्यती जिंकला. त्याच्या जागी केटीएमकडून आलेला ऑस्ट्रेलियाचा आर्थर सिसिस टिकला नाही. हंगाम संपण्याआधीच इटलीचा आंद्रेआ मिन्यो त्याच्या गाडीवर बसला. दरम्यान कंपनीने आपली गाडी इतर संघांनाही द्यायला सुरुवात केली होती. त्यांतल्या आंब्रोजिओ संघाच्या ब्रॅड बाइंडर या दक्षिण आफ्रिकेच्या मुलाने 2014 मध्ये जर्मनीत दुसरा क्रमांक काढला. वर्षअखेर ऑलिव्हेरा आणि बाइंडर दोघेही गेले, आणि दोघेही एकाच दारात: केटीएमचा आयो संघ.

इथे महाराष्ट्राचा दुसरा धागा येतो. ऑस्ट्रियाच्या केटीएममध्ये पुण्याच्या बजाज ऑटोने 2007 पासून भांडवल गुंतवले होते आणि केटीएमच्या लहान ड्यूक गाड्या चाकणला बनत होत्या. म्हणजे एकाच राज्यातले दोन उद्योग एकाच खेळाला दोन वाटांनी भिडले होते. महिंद्राने स्वतःचे नाव टाकीवर रंगवले आणि सगळे मुळापासून उभारले. बजाजने जुन्या, मुरलेल्या शर्यतबाज कंपनीचा हिस्सा घेतला आणि धावपट्टीवर तिचेच नाव राहू दिले. मोठा फरक उतरंडीचा होता. केटीएमने 2017 मध्ये मोटो टू आणि मोटो जीपी या दोन्ही गटांत स्वतःच्या गाड्या आणल्या, त्यामुळे खालून चढलेला मुलगा घर न सोडता वर जाऊ शकला. बाइंडरने 2016 चे मोटो थ्री विजेतेपद जिंकले आणि 2020 मध्ये ब्रनोला केटीएमला मोटो जीपीतला पहिला विजय दिला. दोनच आठवड्यांनी ऑलिव्हेरानेही केटीएमवरच मोटो जीपी शर्यत जिंकली. महिंद्राकडे खोली एकच होती, जिना नव्हता. मोटो टूमध्ये तेव्हा सगळ्यांना होंडाचेच इंजिन वापरावे लागे, म्हणजे इंजिन बनवणाऱ्याला तिथे वाव नव्हता. आणि मोटो जीपीचा खर्च वेगळ्याच पातळीचा. हातची मुले राखण्याचा उपाय कंपनीपाशी नव्हता. त्यांना जाऊ दिले, यात तिची चूक काढता येत नाही.

2015 पासून गाडी इटलीत बेसोझ्झो इथल्या स्वतःच्या केंद्रात घडू लागली आणि संघ चालवण्याचे काम स्पेनच्या होर्खे मार्तिनेस ‘आस्पार’ याच्या संघाकडे गेले. आस्पार स्वतः लहान गटांतला जुना विश्वविजेता. मुलांची पारख त्याला होती. त्याने घेतलेल्या तिघांत हुआनफ्रान गेव्हारा होता, रूकीज कप ही नवोदितांची स्पर्धा जिंकून आलेला सतरा वर्षांचा होर्खे मार्टिन होता आणि फ्रान्चेस्को बान्याया होता. बान्यायाचे 2013 मधले पहिले वर्ष एकही गुण न मिळता गेले होते आणि 2014 मध्ये रॉसीने स्वतः काढलेल्या संघातही त्याचा बोलबाला झाला नव्हता. महिंद्रावर मात्र त्याची घडी बसली. 2015 मध्ये फ्रान्सला तो तिसरा आला. 26 जून 2016 रोजी नेदरलँड्समधल्या आसेनला त्याने शर्यत जिंकली. भारतीय उत्पादकाचा ग्रां प्रीतला हा पहिला विजय. जिंकलास तर मोटो जीपीची डुकाटी चालवायला देईन, असा शब्द आस्पारने दिला होता आणि त्या नोव्हेंबरात तो पाळला. पुढे ज्या कंपनीच्या गाडीवर बान्याया मोटो जीपीचा विश्वविजेता झाला, तिच्याशी त्याची पहिली गाठ महिंद्राच्या विजयाच्या बक्षिसातून पडली.

त्याच वर्षी 21 ऑगस्टला ब्रनोच्या पावसात स्कॉटलंडचा जॉन मॅकफी पहिला आणि मार्टिन दुसरा आला. मॅकफीच्या गाडीवर प्यूजो लिहिलेले होते, पण आत महिंद्राच होती. प्यूजोच्या दुचाकी व्यवसायातले 51 टक्के भाग समूहाने 2015 मध्ये घेतले होते. ऑक्टोबरात मलेशियाला बान्यायाने दुसरा विजय मिळवला आणि हंगामात तो चौथा आला. महिंद्राचे हे सर्वांत चांगले वर्ष. ते संपताच बान्याया रॉसीच्या संघातून मोटो टूला गेला आणि मार्टिन ग्रेसिनी संघाच्या होंडावर.

2017 मध्ये आस्पारने आरेनास आणि दाल्ला पोर्ता यांना आणले. सीआयपी या फ्रेंच संघात, जिथे 2015 मध्ये रेमी गार्डनर महिंद्रा चालवून गेला होता, मार्को बेझ्झेकी आला. निकाल घसरले. जपानमध्ये बेझ्झेकीचा तिसरा क्रमांक ही त्या वर्षातली मोठी कमाई. हंगामाच्या मध्येच कंपनीने माघार जाहीर केली. विजेच्या मोटारींच्या फॉर्म्युला ई स्पर्धेत ती 2014 पासून होतीच, सगळे बळ आता तिकडे लावायचे ठरले. 2018 मध्ये आस्पार आणि सीआयपी दोन्ही संघांनी केटीएमच्या गाड्या घेतल्या. आरेनास आस्पारकडेच राहिला आणि केटीएमवर 2020 चा मोटो थ्री विजेता झाला. दाल्ला पोर्ता लेपर्ड संघाच्या होंडावर 2019 चा. त्याआधी 2018 मध्ये मोटो थ्री मार्टिनने आणि मोटो टू बान्यायाने जिंकले होते. गार्डनरने मोटो टूचे विजेतेपद 2021 मध्ये मिळवले.

मोटो जीपी भारतात पहिल्यांदा आली ती सप्टेंबर 2023 मध्ये, ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर. शनिवारची छोटी शर्यत मार्टिनने जिंकली. 24 तारखेच्या मुख्य शर्यतीत बेझ्झेकी पहिला, मार्टिन दुसरा आणि बाइंडर चौथा आला. पहिल्या चारांतला महिंद्रावर न बसलेला एकच, फ्रान्सचा फाबिओ क्वार्तारारो. आदल्या वर्षीचा विजेता बान्याया त्या दिवशी पडला, पण 2023 चे विजेतेपदही त्यानेच राखले. मार्टिन 2024 मध्ये प्रामाक संघाच्या डुकाटीवर विश्वविजेता झाला आणि लगेच अॅप्रिलियात गेला. 2025 मध्ये तिथे त्याच्या जोडीला बेझ्झेकी आला.