हिरवळीचा बंदोबस्त

भाद्रपदातल्या चतुर्थीला ओल्या बांधावरून खुडून आणलेल्या दूर्वांच्या जुड्या ज्या घरात गणपतीला भक्तिभावाने वाहिल्या जातात, त्याच घरचा कर्ता पुरुष वैशाखाच्या उन्हात शेतातली तीच वनस्पती कुदळीने खोल खणून काढतो, वाळवतो आणि तिचे ढीग पेटवून देतो. आणि शहरातला एखादा बंगलेवाला गृहस्थ हेच तृण पैसे मोजून आपल्या आवारात लावून घेतो, त्याला दोन्ही वेळा पाणी घालतो आणि त्यात एखादे परके पान डोकावले की माळ्याला हाक मारतो. देवघरात दूर्वा, शेतात हरळी आणि बंगल्यात हिरवळ, अशा तीन नावांनी एकच गवत तीन दफ्तरांत नोंदलेले आहे. पेऱ्यापेऱ्यातून फुटून पसरण्याच्या तिच्या ज्या सामर्थ्याची स्तुती वेदमंत्राने केली, त्याच सामर्थ्यापायी शेतकरी तिला शिव्या देतो. तेव्हा तण कोणते, याचा निवाडा वनस्पतिशास्त्र करीत नाही, जमिनीचा धनी करतो. आणि हिरवळीतल्या तणांचा इतिहास पाहू गेल्यास तो बव्हंशी या धन्याच्या बदलत्या मर्जीचाच इतिहास ठरतो.

आपल्याकडील जुन्या बागांत या मर्जीला जागाच नव्हती. नानासाहेब पेशव्यांनी पर्वतीच्या पायथ्याशी हिराबाग वसविली त्या काळी बाग म्हटली की फळझाडे, फुलझाडे, पाट आणि हौद एवढे असले म्हणजे ती पुरी होत असे. गवताचे ठिकाण बागेत नव्हते, ते कुरणात होते. सरकारी कुरणांचा बंदोबस्त राखला जाई तो पागेतल्या घोड्यांसाठी, आणि गंजीत किती गवत पडले यावर त्याचा हिशेब चुकता होई. कोणत्याही जनावराने खायचे नाही, केवळ डोळ्यांनी पाहायचे, असे गवत मुद्दाम वाढवावे ही कल्पना या मुलखात इंग्रजांबरोबर आली.

खुद्द इंग्लंडातही ती फार प्राचीन नव्हे. तेथील जमीनदारांच्या वाड्यांभोवतालची हिरवळ प्रथम मेंढ्यांच्या तोंडाने आणि नंतर लांब दांड्याच्या कोयत्याने राखली जाई, आणि राजवाड्यांच्या उद्यानांतील तण वेचण्याचे काम बहुधा रोजंदारीच्या बायकांकडे असे. आठव्या हेन्रीच्या काळी हॅम्प्टन कोर्टच्या उद्यानात अशा निंदणाऱ्या बायका कामास होत्या. हा खर्च सोसेल त्यानेच हिरवळ बाळगावी, असा व्यवहार होता. 1830 मध्ये ग्लॉस्टरशायर परगण्यातील एडविन बडिंग नावाच्या कारागिराने, लोकरी कापडावरची लव छाटणाऱ्या यंत्राची युक्ती गवताला लावून, गवत कापण्याचे यंत्र काढले, आणि मध्यम स्थितीच्या गृहस्थालाही घरापुढे हिरवा गालिचा अंथरता येऊ लागला. परंतु या यंत्राने आपले शत्रूही आपणच निवडले. शेंडा उंच धरणारी रोपे पात्याखाली वारंवार सापडून नामशेष झाली, आणि पाने जमिनीलगत चक्राकार पसरून बसणारी डँडेलियन आणि डेझी यांसारखी रोपे पात्याखालून सहीसलामत सुटून माजली. शिवाय मालकाने हौसेने गवत अगदी बुडाशी छाटावे, तो मातीवर ऊन पडावे आणि तणांच्या निजलेल्या बियांना जाग यावी, हेही ओघानेच आले.

पुण्याच्या लष्कर भागात साहेबांचे बंगले उभे राहिले तेव्हा त्यांच्या मायदेशीचे थंड हवेचे गवत दख्खनच्या उन्हापुढे टिकणे अशक्य होते. तेव्हा हिंदुस्थानभरच्या बंगल्यांप्रमाणे येथेही हरळीच कामी आली. तिची कांडी तोडून, शेणमातीच्या काल्यात मिसळून, तो काला सपाट केलेल्या ओल्या जमिनीवर लिंपावा, म्हणजे थोड्याच दिवसांत जमीन हिरवी दिसू लागे. लिंपणाची ही रीत माळ्यांच्या हाताला पुढेही राहिली. ज्या गवताच्या उच्चाटनासाठी घाटावरचा शेतकरी जन्मभर झटत होता, त्याची लागवड करण्यासाठी त्याचाच भाऊबंद शहरात माळी म्हणून चाकरीस राहिला, आणि हातात खुरपे घेऊन उकिडवा बसून त्या गवताच्या शत्रूंना एकेक करून उपटू लागला.

हे शत्रू एका जातीचे नव्हते. आंबुटीची चिमुकली शेंग पिकल्यावर फुटून बिया दूर उडवते, म्हणून ती फुलण्यापूर्वीच काढावी लागे; नायटी आणि एकदांडी यांना मुळासकट उपटले की काम भागे. यांपैकी एकदांडी तर मूळची अमेरिका खंडातली, म्हणजे साहेबाइतकीच परकी. 1956 च्या सुमारास पुण्यात अभ्यासकांच्या नजरेस आलेले गाजरगवतही त्याच खंडातले. परंतु माळ्याची खरी कसोटी लागे ती लव्हाळ्याशी. त्याचे पाते उपटून हाती येते, आणि जमिनीखाली तंतूंनी एकमेकींस जोडलेल्या गाठींची माळ तशीच राहते. वरचा कोंब गेला की निजलेल्या गाठींना मोकळीक मिळून एकाच्या जागी चार कोंब उभे राहतात. नम्रतेचा दाखला म्हणून तुकोबांनी लव्हाळ्याकडे बोट दाखविले ते यथार्थच, पण त्या नम्रतेखाली केवढा हट्ट पुरलेला असतो, हे खुरपे धरणारालाच ठाऊक. आणि याच लव्हाळ्याची गाठ वैद्याच्या दफ्तरात मुस्ता या नावाने ज्वरावरील औषध म्हणून दाखल आहे, तर त्याच्या गणगोतातला नागरमोथा दिवाळीच्या उटण्यात मानाने मिसळला जातो.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात या कारभारात रसायनाचा प्रवेश झाला. इंग्लंड आणि अमेरिका या दोन्ही देशांत, युद्धकालीन गुप्ततेच्या पडद्याआड, 2,4-डी या द्रव्याचा शोध लागला. वनस्पतीच्या वाढीस चालना देणाऱ्या संप्रेरकाचे ते सोंग घेते, आणि रुंद पानांच्या रोपाला अवाजवी, वेडीवाकडी वाढ करावयास लावून त्यातच त्याचा अंत करते. गवताच्या जातीला मात्र त्याचा फारसा उपद्रव होत नाही. 1944 मध्ये मार्थ आणि मिचेल या अमेरिकी शास्त्रज्ञांनी गवताला धक्का न लागता डँडेलियन मरतो असे दाखवून दिले, आणि पुढच्याच वर्षी हे द्रव्य बाजारात आले. पण या औषधाला सफेद क्लोव्हरची पारख नव्हती. हवेतला नत्र जमिनीत आणणारे, म्हणून गवताच्या बियाण्यात मुद्दाम मिसळले जाणारे हे क्लोव्हर डँडेलियनबरोबरच मरू लागले, आणि जे औषधाने मरते ते तणच असले पाहिजे असा उलटा न्याय होऊन, कालचे मानाचे रोप आज तणांच्या यादीत जाऊन बसले. निवाडा पूर्वी धनी करीत असे, तो आता त्याच्या हातातली बाटली करू लागली.

आपल्याकडे ती बाटली आली तरी माळी घरी बसला नाही. जे द्रव्य गवताला सोडते ते गवताच्याच जातीच्या तणालाही सोडते, आणि लव्हाळ्याचे वरचे पान करपवले तरी खालची माळ पुन्हा फुटते. म्हणून घरापुढे हिरवळ राखणाऱ्याने गवत फार खुजे छाटू नये, आंबुटीला बी धरू देऊ नये आणि एखाद्या रोपाला तण ठरविण्यापूर्वी आपण कोणाचा निवाडा वाचून दाखवीत आहोत हे क्षणभर पाहावे. शेतात खणून जाळलेली हरळी ज्या अर्थी बंगल्यात मालकीण होऊन बसली, त्या अर्थी कोणताही निवाडा कायमचा नाही. लव्हाळ्यासाठी मात्र आजही खुरपे खोल घालावे लागते, आणि गाठ हाती लागेपर्यंत माती उकरावी लागते.