वामनदादांच्या मैफलीच्या ध्वनिफिती

समाजाचा इतिहास म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे जुनी दप्तरे, ताम्रपट आणि ग्रंथ उभे राहतात. परंतु ज्या समाजाला पिढ्यान्‌पिढ्या अक्षरापासून दूर ठेवण्यात आले, त्याचा इतिहास कागदावर थोडा आणि कंठात फार, अशी स्थिती असते. म्हणून लोककवी वामनदादा कर्डक यांच्या कार्यक्रमांच्या जुन्या ध्वनिफितींकडे आम्ही करमणुकीची वस्तू म्हणून न पाहता ऐतिहासिक साधन म्हणून पाहतो.

वामन तबाजी कर्डक यांचा जन्म १५ ऑगस्ट १९२२ रोजी नाशिक जिल्ह्यातील सिन्नर तालुक्यात देशवंडी येथे झाला. बालपणी शाळा लाभली नाही. अक्षरओळख झाली ती मोठेपणी, मुंबईत. १९४३ मध्ये त्यांनी गीतरचनेस आरंभ केला आणि पुढील साठ वर्षे गावोगाव हिंडून डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा विचार गाण्यातून पोहोचविला. ‘वाटचाल’ आणि ‘मोहळ’ हे त्यांचे गीतसंग्रह प्रसिद्धच आहेत. १५ मे २००४ रोजी त्यांचे निधन झाले.

त्यांच्याही आधी आंबेडकरी जलशांनी हेच कार्य केले होते. त्या जलशांचे एक अग्रणी भीमराव कर्डक हेही नाशिककडचेच. आडनाव एक असल्याने पुष्कळांचा घोटाळा होतो, पण या दोन व्यक्ती भिन्न होत. भीमरावांनी जलशांची हकीकत पुढे ग्रंथरूपाने लिहून ठेवली, हे त्यांचे उपकार. तथापि रात्र जागविणारा तो जलसा कानांनी ऐकावयाचा म्हटले तर आज उपाय नाही. त्या काळी ध्वनिमुद्रण म्हणजे तबकडी. तिच्या एका बाजूवर जेमतेम तीन-साडेतीन मिनिटांचे गाणे मावे. रात्रभराचा जलसा तीत कसा बसणार? शिवाय जलसेकऱ्यांच्या दाराशी तबकडी कंपनी कशास येईल?

१९६३ मध्ये फिलिप्स कंपनीने कॅसेट बाजारात आणली आणि पुढील दोन दशकांत ती आपल्या खेड्यांपर्यंत आली. आता ध्वनिमुद्रण करणारा कोणी साहेब उरला नाही. श्रोत्यांतलाच एखादा नोकरदार तरुण व्यासपीठाजवळ यंत्र ठेवून कळ दाबू लागला.

नामांकित गायकांनी वामनदादांची गीते ध्वनिमुद्रणगृहात गाइली आहेत आणि ती गोडही आहेत. मग मैफलीच्या खरखरत्या फितीचे आकर्षण कशात आहे? आमच्या मते ते तिच्यातील माणसांत आहे. ध्वनिमुद्रणगृहात भिंती असतात. मैफलीत समाज असतो. ढोलकी चढविली जात असल्याचा आवाज, मागे रडणारे मूल, एखाद्या ओळीवर उठलेला जयघोष आणि मग तीच ओळ पुन्हा, हे सारे फितीवर उतरते. कोणत्या शब्दावर लोक हसले, कोणत्या शब्दावर स्तब्ध झाले, हे छापील संग्रह सांगू शकत नाही. तीस मिनिटांनी बाजू संपते आणि गाणे मध्येच तुटते. पण त्या तुटण्यातही ती रात्र किती लांब होती याची साक्ष मिळते.

आपल्या नंदुरबारकडील मंडळींना हे निराळे सांगावयास नको. नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून वेगळा झाला. त्यापूर्वी आपण सारे धुळ्याचेच, आणि त्याही आधी पश्चिम खानदेशचे. ३१ जुलै १९३७ रोजी बाबासाहेब न्यायालयीन कामासाठी धुळ्यास आले व लळिंगच्या लांडोर बंगल्यात उतरले. त्या स्मृतीप्रीत्यर्थ दर वर्षी तेथे भरणाऱ्या मेळाव्यात भीमगीते ऐकत आपली मुले मोठी झाली आहेत.

येथे एक अपराध कबूल केला पाहिजे. आमच्या घरी वामनदादांच्या एका कार्यक्रमाची फीत होती. घरातील एका लग्नात कोरी कॅसेट मिळेना, म्हणून आम्हीच तिच्यावर लग्नसोहळा मुद्रित केला. पहिल्या बाजूस आज वाजंत्री ऐकू येते. दुसऱ्या बाजूच्या अखेरीस मात्र दादांच्या गाण्याचे एक कडवे उरले आहे, आणि त्यापाठोपाठ आमच्या दिवंगत वडिलांचा “वा!” असा उद्गार. वडिलांचा तेवढाच आवाज आज आमच्याजवळ आहे.

म्हणून सर्व कुटुंबांस विनंती की, या पावसाळ्यापूर्वी पेट्या उघडाव्या. ओल लागली की फितीला बुरशी येते, थर झडतो आणि आवाज कायमचा जातो. कॅसेटच्या पाठच्या कडेवरील दोन्ही लहान पत्र्या मोडाव्या, म्हणजे तिच्यावर चुकूनही दुसरे काही मुद्रित होणार नाही. बुरशी दिसल्यास ती यंत्रात घालू नये, जाणकाराकडे द्यावी. चांगल्या फितीची संगणकावर नक्कल करून घ्यावी. आणि कार्यक्रम कोणत्या गावी, कोणाच्या अंगणात झाला, पेटीवर कोण होते, हे घरातील वडीलधाऱ्यांस विचारून लिहून ठेवावे. आवाज फितीवर आहे, पण त्यातील माणसांची नावे अजून वडीलधाऱ्यांच्याच आठवणीत आहेत.