धूम् चिक् चिक् आणि बापलेक

नाच म्हटला की मध्यमवर्गीय मराठी माणसाची पावलं आधी दाराकडे वळतात. आमच्या नाचाची एकूण पुंजी म्हणजे गणपतीच्या मिरवणुकीत ताशाच्या तालावर हलवलेले दोन हात, तेही ओळखीचं कुणी बघत नाही याची खात्री करून. तेव्हा व्हिएन्नाच्या वॉल्ट्झवर मी लिहावं हा आगाऊपणाच. पण ऐकायला कुठे पाय लागतात?

हिशेब सोपा आहे. तीन मात्रा. पहिलीवर खालचा भारदस्त स्वर, पुढच्या दोहोंवर वरचे हलके. धूम् चिक् चिक्, धूम् चिक् चिक्. आपल्या दादऱ्याचा अर्धा तुकडाच म्हणा ना. सेकंदाला जवळजवळ एक ‘धूम्’ पडतो आणि तेवढ्यात गिरकी घ्यायची. खरी गंमत पुढेच आहे. व्हिएन्नाचे वादक दुसरी मात्रा केसभर आधी टाकतात. स्वरलिपीत ती तशी लिहिलेली नसते, हातात असावी लागते. पुस्तकातला ठेका आणि मुरलेल्या तबलजीचा ठेका यांत जो फरक, तोच हा.

तीन मात्रांचा नाच काही नवा नव्हता. चौदाव्या लुईच्या दरबारातला मिन्युएट तीन मात्रांचाच. पण तिथे छोटी छोटी पावलं, लवून मुजरे, आणि एक जोडपं नाचतंय तोवर बाकीचे बघताहेत. लग्नाच्या पंगतीत पहिला मान कुणाचा, असला तो प्रकार. वॉल्ट्झ आला तो उलट्या दिशेनं. ऑस्ट्रिया आणि दक्षिण जर्मनीतल्या खेड्यांत ‘लेंडलर’ नावाचा नाच होता, तो शहरात येऊन गुळगुळीत फरशीवर वेगानं फिरू लागला. ‘वाल्झेन’ म्हणजेच गरगर फिरणं. इथे सगळी जोडपी एकाच वेळी फिरणार, आणि पुरुषाचा हात सरळ बाईच्या कमरेवर!

झालं. 1814-15 साली नेपोलियननंतरच्या युरोपची वाटणी करायला राजेरजवाडे व्हिएन्नात जमले, तेव्हा परिषद पुढे सरकत नाही, नुसती नाचते, अशी एका सरदारानं कोपरखळी मारली. 1816 साली लंडनच्या ‘टाइम्स’नं या नाचावर संतापाचा अग्रलेख लिहिला. त्याआधी कवी बायरननं 1813 साली वॉल्ट्झची टवाळी करून घेतलीच होती. बायरननं परस्त्रीच्या शीलाची काळजी वाहावी, याहून मोठा विनोद त्या काव्यातही नसेल!

आमच्या गोव्यानं मात्र शहाणपणा केला. तिथल्या ख्रिस्ती समाजात एकोणिसाव्या शतकात मांडो फुलला. व्हायोलिन साहेबी, घुमट आपलं, चाल संथ सहा मात्रांची. पण पुरुषांची ओळ इकडे, बायकांची तिकडे. हातात पंखा, बोलायचं ते डोळ्यांनी. घरातल्या वडीलधाऱ्यांनाही समोर बसून बघता येईल असा प्रेमाचा नाच जगात फार थोड्यांना साधला असेल.

व्हिएन्नात वॉल्ट्झचा बादशहा होता योहान स्ट्राउस. या गृहस्थानं आयुष्यभर गावाला नाचवलं, पण थोरल्या मुलाचं, तोही योहानच, नाव निघालं की त्यांचं एकच म्हणणं: पोरगा बँकेत लागला पाहिजे. वाचकहो, इथे हा माणूस मला एकदम सदाशिव पेठेतला वाटू लागतो. मुलगा चोरून व्हायोलिन शिकला. आई त्याच्या बाजूची, कारण बापानं दुसरा संसार थाटलेला. 15 ऑक्टोबर 1844 रोजी, एकोणीस वर्षं पुरी व्हायला दहा दिवस असताना, पोरानं स्वतःचा वाद्यवृंद उभा करून पहिला कार्यक्रम केला. लोकांनी डोक्यावर घेतलं. आणि शेवटी त्यानं काय वाजवावं? बापाचाच एक गाजलेला वॉल्ट्झ. टोमणा होता की नमस्कार, कोण जाणे. मला विचाराल तर दोन्ही.

1848 साली क्रांती झाली तेव्हा बापानं सरकारच्या सेनापतीसाठी ‘राडेट्झ्की मार्च’ रचला. मुलगा बंडवाल्यांच्या बाजूला. पुढच्याच वर्षी बाप लाल तापानं गेला. मुलानं त्याचा वाद्यवृंद आपल्यात सामावून घेतला.

1866 साली प्रशियानं ऑस्ट्रियाला सपाटून हरवलं. गाव मान खाली घालून बसलेलं. त्या सुतकी दिवसांत, फेब्रुवारी 1867 मध्ये, पुरुषांच्या एका गायकवृंदानं धाकट्याचा ‘ब्लू डॅन्यूब’ गायला. होय, गायला, आधी त्याला थट्टेचे शब्द होते. शब्द मागे पडले, सूर राहिले. ब्राम्ससारख्या करड्या पंडितानं स्ट्राउसच्या घरातल्या एका पंख्यावर त्याचे सूर लिहून, हे दुर्दैवानं माझं नाही, अशी सही केली.

आता दर एक जानेवारीला व्हिएन्नाची नववर्षाची मैफल जगभर दाखवतात. शेवटाला लेकाचा ‘ब्लू डॅन्यूब’ होतो. सगळे तृप्त. मग ताशा कडाडतो आणि सुरू होतो बापाचा मार्च. वाद्यवृंदाचा प्रमुख श्रोत्यांकडे तोंड करून त्यांच्या टाळ्यांनाच ताल देतो, आणि भरल्या दिवाणखान्यातली सभ्य मंडळी मिरवणुकीत असल्यासारखी टाळ्या पिटतात.