महायुद्ध आणि मराठी मुलूख : प्रस्तावना

पहिले महायुद्ध आपल्याला भेटते ते शाळेच्या पुस्तकात. साराजेव्होचा खून, खंदक, व्हर्सायचा तह. पाच गुणांचा प्रश्न, विषय संपला. पण साताऱ्याजवळच्या अपशिंग्यात त्या युद्धाचा स्मृतिस्तंभ आहे. इतरही काही गावांत भिंतीत बसवलेली संगमरवरी पाटी सापडते : इथून इतके गेले, इतके कामी आले. नावे नाहीत, नुसते आकडे. नव्या अभ्यासकाने खुशाल या पाटीपासून सुरुवात करावी.

ही माणसे गेली कुठे? बरीचशी मेसोपोटेमियात. सहाव्या पुणे डिव्हिजनमध्ये मराठा पलटणी होत्या. टायग्रिसकाठच्या कुत इथे ही डिव्हिजन डिसेंबर १९१५पासून १४७ दिवस वेढ्यात अडकली. धान्य सरत आले तशी घोडी कापली जाऊ लागली. अनेक हिंदी शिपायांनी ते मांस नाकारले, तेव्हा हिंदुस्थानातून धर्माचार्यांची अनुमती मागवावी लागली. २९ एप्रिल १९१६ला शरणागती झाली. डिव्हिजनचे सेनापती जनरल टाउनशेंड इस्तंबूलजवळच्या बेटावर इतमामाने राहिले. शिपायांना वाळवंटातून पायी हाकलत नेले. लष्करी इतिहास बहुधा टाउनशेंडांच्याच मागे जातो, हे मला खटकते.

युद्धाने समाजाची वीण कुठे उसवली हे पाहायचे असेल, तर महार पलटणीची कथा वाचावी. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सरकारने महारांची भरती थांबवली होती. गोपाळबाबा वलंगकर आणि पुढे शिवराम जानबा कांबळे या महार पुढाऱ्यांनी अर्जांवर अर्ज केले, सरकार ढिम्म. माणसे कमी पडू लागली तशी १९१७मध्ये १११वी महार पलटण उभी राहिली. गरज सरली आणि १९२१मध्ये ती मोडली. पुन्हा महार रेजिमेंट निघायला १९४१ उजाडले, म्हणजे दुसरे महायुद्धच यावे लागले. लढवय्या जात कोणती, हे त्या काळी रक्तापेक्षा सरकारची अडचण ठरवत होती.

बाकी धागेही आहेत : चांदीच्या टंचाईतून १९१७ साली आलेली एक रुपयाची नोट, जून १९१८मध्ये मुंबईत शिरलेला इन्फ्लुएन्झा. यांतल्या प्रत्येकावर स्वतंत्र पुस्तक होईल.

साधनांची अडचण मात्र आधीच सांगतो. फ्रान्समधल्या हिंदी शिपायांची पत्रे सेन्सॉरने उघडून वाचली, म्हणून त्यांतले उतारे इंग्रजी भाषांतरात टिकले. त्यांत पंजाब भरपूर भेटतो, मराठी मुलूख कमी. तेव्हा हे उतारे जपणाऱ्या लंडनच्या दप्तराइतकाच लष्करी परंपरेच्या घरातल्या ट्रंकेवरही हक्क सांगा. पदके बहुतेक दाखवतील. पेन्शनचे कागद मागून घ्यावे लागतील.