बिस्त्रो: कोळशाच्या वखारीतलं जेवण

आजचा विषय जाहीर झाला तेव्हा एकदोघांनी विचारलं, की इतिहासाच्या व्याख्यानात हे हॉटेल कुठून आलं? प्रश्न रास्त आहे. राजे, लढाया, तह यांच्यावर आपण पुष्कळ ऐकतो. पण शहरातली माणसं दुपारी कुठे जेवत होती, त्यांना कोण वाढत होतं, हासुद्धा इतिहासच आहे, आणि त्यातही खरं-खोटं असतंच. म्हणून सुरुवात एका पाटीपासून करतो.

पॅरिसमध्ये मोंमार्त्र नावाची टेकडी आहे. तिच्यावर प्लास द्यु तेर्त्र हा चौक. चित्रकार बसलेले असतात, प्रवाशांची ही गर्दी. तिथे 'ला मेर कात्रीन' नावाच्या जुन्या उपाहारगृहाच्या भिंतीवर एक पाटी लावली आहे. पाटी सांगते, की ३० मार्च १८१४ रोजी कझाक सैनिकांनी इथे पहिल्यांदा 'बिस्त्रो'ची आरोळी ठोकली, आणि आपल्या बिस्त्रोंचा मूळपुरुष इथेच जन्माला आला. रशियन भाषेत 'बिस्त्रा' म्हणजे लवकर, झटपट. नेपोलियनविरुद्ध लढणाऱ्या रशियन फौजा पॅरिसपर्यंत येऊन पोचल्या होत्या. सैनिकांना घाई होती, वरिष्ठ बघतील ही भीती होती, म्हणून ते दारूवाल्याला "लवकर, लवकर" म्हणत. त्यावरून झटपट खाण्यापिण्याच्या जागेला बिस्त्रो हे नाव पडलं. गोष्ट छान आहे. गाईड सांगतो, आपण पाटीचा फोटो काढतो, खाली येतो.

अडचण एवढीच, की १८१४ नंतर तब्बल ७० वर्षं हा शब्द फ्रेंचमध्ये कुठे छापलेला सापडत नाही. शब्दकोशकारांना तो पहिल्यांदा मिळतो १८८४ साली, ला रोकेत इथल्या तुरुंगात काम केलेल्या एका पाद्र्याच्या आठवणींत. म्हणजे भुरट्या चोरांच्या, कैद्यांच्या बोलीत. आणि गंमत पाहा, त्या जुन्या वापरात बिस्त्रो म्हणजे जागा नव्हे. बिस्त्रो म्हणजे माणूस, गुत्ता चालवणारा वाइनवाला. जागेचा अर्थ त्याला मागाहून चिकटला. हा शब्द मूळचा कुठला, यावर भांडणं आहेत. कुणी पश्चिम फ्रान्समधल्या पोआतू भागातल्या एका बोलीशब्दाकडे बोट दाखवतं, त्याचा अर्थ छोटा नोकर, पोऱ्या. कुणी 'बिस्तुई' म्हणजे कॉफीत दारू घालून केलेल्या स्वस्त पेयाकडे. मी त्या भांडणात पडत नाही. पण कझाकांची गोष्ट मात्र पुराव्यावर टिकत नाही, हे मान्य करायला हवं.

तुम्ही म्हणाल, टिकत नाही तर नाही, बिघडलं कुठे? माझ्या मते बिघडतं. कारण बिस्त्रो ज्यांनी घडवला, त्यांचं श्रेय ती पाटी चार दिवस आलेल्या सैनिकांना देऊन टाकते. घडवणारे लोक वेगळे होते. त्यांच्यासाठी आज इथे जमलोय.

आधी एक गोष्ट पटकन बाजूला करू. रेस्टॉरंट आणि बिस्त्रो ही सख्खी भावंडं नाहीत. 'रेस्तोराँ' हा शब्द अठराव्या शतकात एका पदार्थाचा होता: अशक्त माणसाला ताकद देणारं मांसाचं कढण. १७६० च्या दशकात पॅरिसमध्ये असं कढण स्वतंत्र टेबलावर बसवून विकणारी दुकानं निघाली, त्यातून पुढे छापील मेन्यू, आरसे, झुंबरं असलेली रेस्टॉरंट आली. रेबेका स्पँग यांनी यावर फार चांगलं पुस्तक लिहिलं आहे. पण ती दुनिया पैसेवाल्यांची. गल्लीच्या कोपऱ्यावरचा बिस्त्रो तिथून उतरत आलेला नाही. तो आला पाण्याच्या बादलीतून आणि कोळशाच्या पोत्यातून.

फ्रान्सच्या मधोमध ओव्हेर्न नावाचा डोंगराळ प्रदेश आहे, आणि त्याला लागूनच आव्हेरों. विझलेले ज्वालामुखी, कडक थंडी, पातळ माती. राय नावाचं धान्य, चेस्टनट, गुरं, चीज. हिवाळ्यात शेतात काम नाही. मग तरुण पॅरिसची वाट धरत. तिथे ते काय करत? सार्वजनिक कारंज्यांवरून पाणी भरत आणि खांद्यावरच्या काठीला दोन बादल्या लावून पाचव्या, सहाव्या मजल्यापर्यंत चढवत. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर ओस्मान यांनी पॅरिस पाडून पुन्हा बांधलं. रुंद रस्ते आले, गटारं आली, नळ आले. नळ आले आणि पाणक्यांचा धंदा बसला.

हे लोक हटले नाहीत. त्याच खांद्यांवर त्यांनी सरपण आणि कोळसा घेतला. घराघरांत शेगड्या होत्या, कोळसा रोज लागायचा. गल्लीतल्या एखाद्या अंधाऱ्या गाळ्यात कोळशाची वखार टाकायची आणि शेजारी एक फळी ठेवून गावाकडची वाइन विकायची. दारावर पाटी: 'वाइन आणि कोळसा'. अशा माणसाला पॅरिसकर 'बून्या' म्हणू लागले. कोळसेवाला आणि ओव्हेर्नवाला हे दोन शब्द एकत्र चेपून केलेला, जरासा चिडवण्याचा शब्द. आपल्याकडे परगावच्या माणसाला गावावरून हाक मारतात ना, तसा.

आता त्या गाळ्यात कामाची वाटणी कशी होती ते बघा, कारण बिस्त्रो तिथेच तयार झाला. नवरा पोतं घेऊन जिने चढतोय. दुकानात बायको. कोळसा सांगायला आलेला माणूस थंडीचा थांबतो, एक ग्लास घेतो. मागच्या खोलीत तिची चूल आहे, तीवर घरच्यांसाठी हंडी: कोबी, बटाटे, खारवलेलं डुकराचं मांस, कधी मसूर. वास बाहेर येतो. शेजारच्या कारखान्यातला कामगार विचारतो, एक ताट मिळेल का? मिळतं. दुसऱ्या दिवशी तो मित्राला घेऊन येतो. हंडी मोठी होते. एवढंच. कुणी शेफ नाही, भांडवलदार नाही.

मुंबईतल्या मंडळींना हे ऐकताना गिरणगाव आठवलं असेल. कोकणातून, घाटावरून आलेले कामगार आणि एका खोलीत त्यांचा स्वयंपाक करणाऱ्या खानावळवाल्या बायका. त्या बायकांना सावकाराच्या तावडीतून सोडवायला प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं, म्हणून निदान त्यांचं नाव आपल्या इतिहासात लागलं. पॅरिसच्या त्या हंडीवाल्या बाईचं नाव कुठल्या भिंतीवर नाही. भिंतीवर कझाक आहेत.

ओव्हेर्नवाल्यांनी पुढे संघटन केलं. १८८२ साली 'ओव्हेर्न्या द पारी' हे त्यांचं वर्तमानपत्र निघालं. गावाकडच्या बातम्या, लग्नं, आणि विकायला निघालेल्या दुकानांच्या जाहिराती. ते काढणारे लुई बोने यांनी पॅरिसहून गावी जाणाऱ्या स्वस्त खास गाड्याही सुरू करवल्या. गणपतीला कोकणात जाणाऱ्या गाड्या डोळ्यांसमोर आणा. नवा मुलगा आला की तो गाववाल्याच्या दुकानात भांडी घासायचा, मग वाढायचा, मग गाववाल्याच्याच उधारीवर स्वतःचं दुकान घ्यायचा. मोठी नावं याच रांगेत आहेत. सँ-जेरमँ भागातली प्रसिद्ध 'लिप' ही ब्रासरी १९२० मध्ये ज्यांनी घेतली, ते मार्सेलँ काझ आव्हेरोंमधले. लेखक-तत्त्वज्ञांमुळे गाजलेलं 'काफे द फ्लोर' १९३९ मध्ये घेणारे पोल बूबालही त्याच भागातले.

कायद्यानेही हात दिला. १८५१ पासून गुत्ता उघडायला सरकारी परवानगी लागे, कारण तिथे राजकारण शिजतं अशी सत्तेला भीती. ती भीती खोटी नव्हती म्हणा. १८८० च्या कायद्याने परवानगीची अट गेली, फक्त कळवायचं. दुकानं भराभर वाढली. बिस्त्रो हा शब्द छापला गेला १८८४ मध्ये, हा योगायोग मला तरी अर्थपूर्ण वाटतो.

आता आत जाऊन जेवू या.

पहिली गोष्ट, दारात 'बोंझूर' म्हणायचं. मी पहिल्या खेपेला थेट टेबलाकडे चालत गेलो, तर मालकीणबाईंनी मला तिथेच उभं करून सावकाश, स्पष्ट 'बोंझूर, मस्य' ऐकवलं. मी उत्तर दिल्यावर खुर्ची मिळाली. (हशा) तुम्ही गिऱ्हाईक नंतर, आधी कुणाच्या तरी घरात शिरलेले आहात. दुसरी, टेबलं इतकी खेटून की शेजाऱ्याचं कोपर लागतं. वखारीच्या गाळ्यात जागा असणार किती? जस्ताचा पत्रा मढवलेला काउंटर, त्याला नुसतं 'झँग' म्हणतात, म्हणजे जस्तच. काळ्या फळ्यावर खडूने लिहिलेले पदार्थ, कारण सकाळी बाजारात जे मिळालं तेच दुपारी. 'प्ला द्यु झूर', आजचा पदार्थ, बहुधा एकच. पाव आणि नळाचं पाणी मागाल तितकं, त्याचे पैसे नाहीत.

आणि पदार्थ बघा. बफ बूरगिन्यों, म्हणजे रेड वाइनमध्ये तासन् तास शिजवलेलं गोमांस. ब्लांकेत, म्हणजे वासराच्या मांसाचा पांढरा रस्सा. हे शाही पदार्थ नव्हेत. चिवट, स्वस्त तुकडे मंद आचेवर ठेवायचे आणि काउंटर सांभाळायचा, ही एकट्या बाईची सोय आहे त्यात. रस्सा दुसऱ्या दिवशी जास्त चांगला लागतो, म्हणजे उरलं तरी नुकसान नाही. शाकाहारी श्रोते मघापासून चुळबुळ करताहेत, त्यांच्यासाठी पोआरो व्हिनेग्रेत आहे: उकडलेली लीक, वर व्हिनेगर-तेलाचं सॉस. अंडं चालत असेल तर अफ मायोनेज. अंड्याचे दोन तुकडे आणि घोटलेलं मायोनेज, याहून साधं काही नाही. हा पदार्थ नाहीसा होऊ नये म्हणून फ्रान्समध्ये चक्क एक संस्था आहे.

मला सर्वांत आवडलेली वस्तू मात्र खायची नाही. पॅरिसमध्ये 'शार्तिए' म्हणून एक प्रचंड भोजनगृह आहे, १८९६ चं. त्याला ते 'बूयों' म्हणतात. हा प्रकार एका खाटकाने, द्युव्हालने, १८५० च्या दशकात कामगारांना स्वस्त कढण आणि मांस देण्यासाठी सुरू केला होता. शार्तिएमध्ये वेटर अजून बिल टेबलावरच्या कागदावर लिहितात, अनोळखी माणसांना एका टेबलावर बसवतात. तिथे भिंतीवर लाकडी खण आहेत, नंबर घातलेले. रोजचं गिऱ्हाईक आपला कापडी नॅपकिन त्या खणात ठेवून जायचं. उद्या येणार हे धरूनच. 'पोलिदोर' या जुन्या जागेतही असे खण आहेत. बिस्त्रोत लोक काय विकत घेत होते, हे मला त्या खणांवरून कळलं. चव तर होतीच. पण ज्याचं घर म्हणजे सहाव्या मजल्यावरची एक खोली, त्याला शहरात एक नंबर होता.

हे सगळं विसाव्या शतकात ढासळलं. आकडे सांगतो. १९६० च्या सुमारास फ्रान्समध्ये कॅफे-बिस्त्रो मिळून सुमारे २ लाख होते. आज ४० हजारांच्याही खाली. कोळसा गेला, कामगार उपनगरांत गेले. १९६९ मध्ये पॅरिसच्या पोटातला लेझ आल हा घाऊक बाजार शहराबाहेर राँजिसला हलवला, आणि पहाटे कांद्याचं सूप पिणारे हमाल त्याच्याबरोबर गेले. भाडी वाढली. १९६७ पासून नोकरदारांना जेवणाची कुपनं मिळू लागली, त्यावर दुपारचा धंदा तगला, पण ती कुपनं पुढे सँडविचवालेही घेऊ लागले.

त्याहून वाईट म्हणजे जागा राहिली आणि हंडी गेली. कारखान्यात शिजवलेला बूरगिन्यों पिशवीतून येतो, गरम करून वाढला जातो, फळा मात्र खडूचाच. हे इतकं झालं की २०१४ मध्ये सरकारला 'फे मेझाँ', म्हणजे 'इथेच केलेलं', अशी खूण कायद्याने ठरवावी लागली. छपराखाली पातेल्याचं चित्र. स्वयंपाक तिथेच केला हे सांगायला बोधचिन्ह लागावं, हे मला फार बोलकं वाटतं.

उलट बाजूही आहे. मोठ्या हॉटेलात तयार झालेल्या ईव्ह कामदबोर्द यांनी १९९२ मध्ये पॅरिसच्या कडेला 'ला रेगालाद' काढलं आणि उत्तम स्वयंपाक बिस्त्रोच्या दरात दिला. त्या चळवळीला पुढे 'बिस्त्रोनोमी' नाव पडलं. पदार्थ वाचले, पण दर हळूहळू चढले. कोपऱ्यावरचा गवंडी तिथे जेवत नाही.

मग नोव्हेंबर २०१५ आलं. १३ तारखेच्या रात्री अतिरेक्यांनी ज्या जागा निवडल्या, त्यांत दहाव्या-अकराव्या विभागातल्या कॅफे-बिस्त्रोंचे फुटपाथवरचे कट्टे होते. चार दिवसांनी, १७ तारखेला, लोकांना हाक दिली गेली: सगळे बिस्त्रोत या. लोक आले. २०१८ मध्ये काही मालकांनी पॅरिसचे बिस्त्रो आणि त्यांचे कट्टे युनेस्कोच्या यादीत घालावेत म्हणून मोहीम उभी केली. तो मान आधी मिळाला बागेत पावाला, २०२२ मध्ये.

मला या मोहिमेबद्दल सहानुभूती आहे, पण एक शंका आहे. यादीत नेमकं काय घालणार? जस्ताचा काउंटर? लाल-पांढऱ्या चौकड्यांचं टेबलक्लॉथ? ते तर जपानपासून न्यूयॉर्कपर्यंत मिळतं. आज पॅरिसमध्ये कोपऱ्यावरच्या तंबाखू-कॉफीच्या दुकानांपैकी बरीच चिनी वंशाची कुटुंबं चालवतात. गल्ल्यावर नवरा-बायको, मूल शाळेतून येऊन कोपऱ्यातल्या टेबलावर अभ्यास करतंय. अल्जीरियातल्या काबिल लोकांचे कॅफे तर विसाव्या शतकाच्या पूर्वार्धापासून आहेत. आणि कित्येक बिस्त्रोंच्या भटारखान्यात तुम्ही डोकावलात, तर ब्लांकेत ढवळणारा माणूस श्रीलंकेतला तमिळ असतो किंवा मालीमधला. त्याच्या बोलण्यावर फ्रेंच गिऱ्हाईक हसतं, जसं एकेकाळी बून्याच्या उच्चारांवर हसत होतं.

पुढच्या वेळी पॅरिसला गेलात तर मोंमार्त्रची पाटी जरूर बघा. मग खाली उतरा आणि शार्तिएमध्ये जेवा. ते खण अजून भिंतीवर आहेत, आता रिकामे. वेळ संपत आली आहे. प्रश्न असतील तर घेऊ या.