घरची शाळा : लहान मुलांसाठी परवडणारा अभ्यासक्रम कसा निवडावा?

धुळे (प्रतिनिधी) : मुलाला शाळेत न घालता, किंवा दोन-तीन वर्षे उशिरा घालायचे ठरवून, घरीच शिकवू इच्छिणाऱ्या पालकांपुढे पहिला प्रश्न उभा राहतो तो पुस्तकांचा. भाषा, गणित, इंग्रजी, परिसर, चित्रकला हे सारे एकाच खोक्यात, रोजच्या वेळापत्रकासह हाती पडावे, अशी त्यांची साहजिक अपेक्षा असते. इंटरनेटवर शोध घेतला तर असे संच डझनाने सापडतात. त्यातील बहुतेक परदेशी, आणि किमती डॉलरमध्ये. धुळे-जळगावसारख्या शहरातील मध्यमवर्गीय कुटुंबाने त्यासाठी किती पैसे मोजावेत? तीन ते आठ वर्षे या वयोगटापुरते बोलायचे तर उत्तर सरळ आहे : फार थोडे. या वयाला पुरेल इतका अभ्यासक्रम महाराष्ट्रात जवळपास विनामूल्य उपलब्ध आहे. महाग असतो तो घरातील मोठ्या माणसाचा वेळ. आणि चुकलेच तर महागात पडते ते शाळेत परतण्याच्या वाटेकडे केलेले दुर्लक्ष.

खोक्यातील शाळा

'सर्व काही एकाच संचात' ही कल्पना इंटरनेटपेक्षा पुष्कळ जुनी आहे. अमेरिकेतील बाल्टिमोर येथील कॅल्व्हर्ट शाळेने विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकातच दूर राहणाऱ्या कुटुंबांना पुस्तके, वह्या आणि पालकांसाठी दैनंदिन सूचना टपालाने पाठविण्यास सुरुवात केली. आजचे संच त्याच घराण्यातील आहेत. त्यांची किंमत शेकडो डॉलरच्या घरात जाते आणि अनेक संच ख्रिस्ती धर्मशिक्षणाशी जोडलेले असतात. गणितात इंच, पौंड आणि सेंट येतात. निसर्गाच्या धड्यात बर्फ पडतो. आपल्याकडील पाच वर्षांच्या मुलाला जूनमधला पहिला पाऊस, कपाशीची बोंडे आणि केळीचे घड ठाऊक असतात. त्याला आधी बर्फ समजावून मग त्यावरची बेरीज शिकवणे म्हणजे दुप्पट काम.

मराठीत असा प्रयत्न झालाच नाही असे नाही. करोनाच्या साथीमुळे मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या आणि घराघरांत सक्तीची घरशाळा भरली. त्या वर्षी २० जुलैपासून दूरदर्शनच्या सह्याद्री वाहिनीवर 'टिलीमिली' ही मालिका सुरू झाली. एमकेसीएल नॉलेज फाउंडेशनने ती पहिली ते आठवीच्या मुलांसाठी, बालभारतीच्या पाठांच्या आधारे तयार केली होती. समोर पुस्तक धरण्याऐवजी घर, अंगण आणि स्वयंपाकघरातील वस्तूंतून शिकणे हा तिचा गाभा होता. त्या काळात मोबाइलवरून भरणाऱ्या तासांना कंटाळलेल्या पालकांना या मालिकेचे वेगळेपण चटकन जाणवावे असेच होते.

अर्थात, ही दृष्टीही नवी नव्हती. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डी येथे व पुढे कोसबाडला आदिवासी मुलांसाठी अंगणवाड्या चालविल्या, तेव्हा मॉंटेसोरी पद्धतीच्या महागड्या साधनांऐवजी खडे, शिंपले, पाने, बिया वापरल्या. बाजारात आज लाकडी मणी आणि ठोकळ्यांचे संच काही हजार रुपयांना विकले जातात. चिंचोके आणि काडेपेट्यांनी तेच काम होते, हे या दोघींनी फार पूर्वी दाखवून दिले आहे.

बालभारती : घरातच असलेला संच

महाराष्ट्र राज्य पाठ्यपुस्तक निर्मिती व अभ्यासक्रम संशोधन मंडळ, म्हणजेच बालभारती, १९६७ मध्ये स्थापन झाले. मंडळाची पाठ्यपुस्तके संकेतस्थळावर पीडीएफ स्वरूपात विनामूल्य उतरवून घेता येतात. छापील प्रती पुस्तकांच्या दुकानांत आणि मंडळाच्या विभागीय भांडारांत मिळतात. खान्देशातील पालकांना त्यातले नाशिकचे जवळ पडते. पहिली-दुसरीला भाषा, इंग्रजी, गणित आणि कला-क्रीडा-कार्यानुभव एवढेच विषय असल्याने सगळी पुस्तके एका पिशवीत मावतात.

या पुस्तकांचा एक भाग पालक सहसा वाचत नाहीत. पानाच्या तळाशी बारीक अक्षरांत शिक्षकांसाठी सूचना दिलेल्या असतात : हा खेळ घ्यावा, या शब्दांवर गप्पा माराव्यात, ही कृती जोडीने करून घ्यावी. परदेशी संचात ज्या 'पालक मार्गदर्शिके'साठी वेगळे पैसे पडतात, तिचे काम या चार ओळी बऱ्याच अंशी करतात. एका रविवारी बसून महिनाभराच्या पानांवरील या सूचना वहीत उतरवून काढल्या की दिवसवार वेळापत्रक तयार होते.

तिसरीपासून परिसर अभ्यास सुरू होतो. २०१४ मध्ये आलेल्या अभ्यासक्रमात तिसरीचे हे पुस्तक जिल्हावार काढण्यात आले होते. आपल्याच जिल्ह्याचा नकाशा, नद्या, पिके मुलाच्या हाती देणारे पुस्तक कोणत्याही विकतच्या संचात मिळणार नाही. धुळ्याच्या मुलाला पुढचा धडा तर घराबाहेरच मिळतो. पांझरा नदीवरची फड पद्धत, म्हणजे बंधाऱ्याचे पाणी शेतकऱ्यांनी आपसांत ठरवून वाटून घेण्याची जुनी व्यवस्था, हा विज्ञान, गणित आणि नागरिकशास्त्र यांचा एकत्रित पाठ आहे. लळिंगचा किल्ला, राजवाडे संशोधन मंडळ, जळगावचे गांधीतीर्थ ही सहलीची ठिकाणे आहेतच. शहरातील क्रमांकांच्या गल्ल्यांवरून चालताना पहिली, दुसरी, तिसरी हे क्रमवाचक शब्द किती सहज पाठ होतात!

जुनी पुस्तके घेताना मात्र एक खबरदारी घ्यावी. २०२५-२६ पासून पहिलीला नवा अभ्यासक्रम लागू झाला असून पुढील इयत्तांचे बदल टप्प्याटप्प्याने होत आहेत. शेजारच्या मोठ्या मुलाची पुस्तके गोष्टींसाठी जरूर वापरावीत. पण मूल पुढे शाळेत जाणार असेल तर मुख्य पुस्तक चालू आवृत्तीचेच असावे.

केंद्रीय मंडळाच्या शाळेत पुढे घालायचे असेल तर एनसीईआरटीची पुस्तके पाहावीत. २०२३ मध्ये आलेल्या पहिलीच्या सारंगी, मृदंग आणि आनंदमय गणित या तीन पुस्तकांची छापील किंमत प्रत्येकी ६५ रुपये होती. म्हणजे वर्षभराचा गाभा १९५ रुपयांत. तीही संकेतस्थळावर मोफत आहेत. तीन ते आठ वर्षांच्या मुलांसाठीचा 'जादुई पिटारा' हा खेळ, कोडी, चित्रपत्ते यांचा संच फेब्रुवारी २०२३ मध्ये याच संस्थेने आणला. वरील तीन पाठ्यपुस्तकांची भाषा हिंदी व इंग्रजी आहे, हे मराठी घरांनी लक्षात घ्यावे.

अहिराणीचे काय?

भाषेचा मुद्दा खान्देशात अधिक टोकदार होतो. अनेक घरांत आजी-आजोबा अहिराणी बोलतात, आई-वडील मुलाशी प्रमाण मराठी बोलण्याचा प्रयत्न करतात आणि अभ्यासाचा संच इंग्रजीत असतो. 'अठे-तठे' ऐकत वाढलेल्या मुलाला पुस्तकातील 'इथे-तिथे' ही वेगळी वाटू शकते. ती चूक नव्हे. घरी शिकविण्याचा मोठा फायदा हा की, धडा मराठीत वाचून त्यावरची गप्पा आजीशी अहिराणीत करता येते. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही शक्य असेल तेथे किमान पाचवीपर्यंत घरची भाषा वा मातृभाषा हेच शिक्षणाचे माध्यम असावे, असे म्हटले आहे. बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हते. त्यांच्या कवितांचे पुस्तक त्यांच्या निधनानंतर, १९५२ मध्ये निघाले. शेत आणि घरकाम यांतून शब्द कसे उगवतात याचे इतके जवळचे उदाहरण असताना या वयात इंग्रजी स्पेलिंगच्या कार्यपुस्तिकांवर पैसा घालण्याचे कारण दिसत नाही.

वाचनासाठी प्रथम बुक्सचे 'स्टोरीवीव्हर' हे संकेतस्थळ २०१५ पासून आहे. त्यावर मराठी चित्रकथा पातळीनुसार लावलेल्या असून त्या मोफत छापता येतात. बालभारतीचे 'किशोर' मासिक १९७१ पासून निघते आणि त्याचे जुने अंक ऑनलाइन वाचायला मिळतात. विज्ञानाच्या खेळण्यांसाठी अरविंद गुप्ता यांचे संकेतस्थळ पुरेसे आहे. रिकाम्या रिफिली, आगकाड्या, सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे, एवढ्यात ती होतात.

पैसे भरण्यापूर्वी

तरीही काही पालकांना तयार संच हवाच असतो. दोघेही नोकरी करणारे, किंवा शिकविण्याचा आत्मविश्वास नसलेले पालक तो घेतील, त्यात गैर नाही. अशा वेळी आधी एका आठवड्याचा नमुना मागवावा आणि तो खरोखर सात दिवस चालवून पाहावा. मुलापेक्षा पालकाचीच ही परीक्षा असते. रोज तयारीला किती वेळ गेला, कात्री-गोंद-छपाईचा वेगळा खर्च किती आला, हे लिहून ठेवावे. चार-पाच वर्षांच्या मुलाला दिवसाकाठी तासाभराहून अधिक बसवून ठेवणारा संच सरळ परत करावा. घरात दोन मुले असतील तर भरून संपणाऱ्या वह्यांचा संच दुसऱ्या मुलासाठी पुन्हा विकत घ्यावा लागतो. पुन्हा वापरता येणारी पुस्तके त्यामुळे स्वस्त पडतात.

ॲपच्या वर्गणीबाबत अधिकच सावध राहावे. वर्षाचे वा तीन वर्षांचे पैसे एकदम, तेही कर्जाच्या हप्त्यांवर, भरू नयेत. बायजूजच्या विक्रीपद्धतीबद्दल राष्ट्रीय बालहक्क संरक्षण आयोगाने डिसेंबर २०२२ मध्ये कंपनीच्या प्रमुखांना समन्स बजावले होते आणि जुलै २०२४ मध्ये ही कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. देशातील सर्वांत मोठ्या ॲपची ही गत, तर लहान कंपन्यांची हमी कोण देणार? महिन्याची वर्गणी आणि लेखी परतावा-अट एवढे तरी असावे.

संच कोणत्या इयत्तेचा घ्यावा हे वयावरून ठरवू नये. 'प्रथम' संस्थेच्या 'असर' पाहणीतील चाचणी मराठीत उपलब्ध आहे : अक्षर, शब्द, पहिलीच्या पातळीचा परिच्छेद, दुसरीच्या पातळीची गोष्ट, गणितात अंकओळख, हातच्याची वजाबाकी, भागाकार. दहा मिनिटांत मूल कुठे आहे ते कळते. दर तीन महिन्यांनी ती घेतली की संचाचा उपयोग होतो आहे की नाही, हेही समजते.

परतीची वाट

बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ हा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. सहा ते चौदा वयाच्या मुलाला शाळेत दाखल करणे हे त्यातील कलम १० नुसार पालकांचे कर्तव्य आहे. ते न पाळल्यास पालकांना शिक्षा मात्र सांगितलेली नाही. गृहशिक्षणाला स्वतंत्र मान्यता देणारी तरतूदही त्यात नाही. म्हणून सहा वर्षांपर्यंत प्रश्न सोपा असतो आणि नंतर मूल कागदोपत्री 'शाळाबाह्य' ठरू शकते. दिलाशाची गोष्ट अशी की, कलम ४ नुसार शाळेत न गेलेल्या मुलाला वयानुरूप वर्गात प्रवेश मिळण्याचा हक्क आहे, आणि प्रवेशासाठी मुलाची किंवा पालकांची चाळणी परीक्षा घेण्यास कलम १३ मनाई करते.

येथे अनेकदा मुंबईच्या मालविका जोशी हिचे उदाहरण दिले जाते. दहावी-बारावी न करता तिला २०१६ मध्ये अमेरिकेतील एमआयटीत प्रवेश मिळाला. ती सातवीपर्यंत शाळेत होती, आणि तिच्यामागे आंतरराष्ट्रीय संगणक ऑलिंपियाडची तीन पदके होती, हे सहसा सांगितले जात नाही. इतरांना परीक्षा द्यावीच लागते. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेच्या मुक्त मूलभूत शिक्षणात 'अ', 'ब' आणि 'क' हे स्तर अनुक्रमे तिसरी, पाचवी आणि आठवीशी समकक्ष आहेत. राज्याच्या मुक्त विद्यालय मंडळातून पाचवीसाठी दहा, तर आठवीसाठी तेरा वर्षे पूर्ण असावी लागतात. तोपर्यंत जन्मदाखला, आधार, लसीकरणाचे कार्ड आणि मुलाच्या कामाची तारीखवार फाइल घरात ठेवावी; शाळेत वर्ग ठरविताना मुख्याध्यापकांपुढे ठेवायला तीच उपयोगी पडते.